सीस्तानचा वारा

ज्या शकांचें नांव आपण पंचांगांत नित्य वाचतों, त्यांच्या वस्तीमुळें ‘शकस्थान’ म्हटला गेलेला प्रांत तो हा सीस्तान. येथें इराणच्या अफगाण सीमेनजीक झाबोल हें वाळवंटी शहर आहे. उन्हाळ्यांत सुमारें चार महिने वायव्येचा वारा सुटतो. लोक त्यास ‘एकशेंवीस दिवसांचा वारा’ म्हणतात. येथील पवनचक्क्या व उडती वाळू दहाव्या शतकांत मसूदीनें वर्णिली आहे. परंतु हामून सरोवर भरलेलें असे तोंवर हाच वारा पाण्यावरून, लव्हाळ्यांतून गांवांत येई. झरोक्यांत काटेरी झुडुपें भरून लोक तीं भिजवीत. आपले वाळ्याचे पडदेच म्हणाना!

सरोवर जगे तें अफगाणिस्तानांतून येणाऱ्या हेलमंद नदीवर. १९५३ सालीं तिच्यावर काजकी धरण झालें. पुढें इराणनेंही आपल्या बाजूस जलाशय केले. २००० च्या सुमाराच्या दुष्काळांत सरोवर आटलें, आणि त्याच्या तळाची माती वारा शहरावर आणूं लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या यादींत सूक्ष्म धुळीच्या वार्षिक प्रमाणांत झाबोल सर्वांच्या वर होतें : घनमीटरास २१७ मायक्रोग्रॅम. सारा दोष निसर्गावर ढकलणें आम्हांस पटत नाहीं. १९७३ च्या करारानें इराणला सेकंदास सरासरी २६ घनमीटर पाणी ठरवून दिलें. सरोवराचा निराळा वाटा त्यांत नाहीं.