घरच्या संगणकाची राखण : अँटिव्हायरसच्या निवडीचा इतिहास

घरगुती संगणकासाठी सुरक्षा सॉफ्टवेअर निवडण्याची गरज १९८० च्या दशकात निर्माण झाली. तेव्हापासून ही निवड एकाच गोष्टीवर अवलंबून राहिली आहे : धोका घरात कोणत्या वाटेने येतो. आधी ती वाट फ्लॉपीची होती, मग सीडी आणि ईमेलची झाली, पुढे पेन ड्राइव्ह आणि अखंड चालू असलेल्या इंटरनेटची. वाट बदलली की राखणीचे साधन बदलले आणि ते निवडण्याचा निकषही बदलला.

अमेरिकेत १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ॲपल टू संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे आणि पडद्यावर एक कविता दाखवी. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा ‘ब्रेन’ आला. आयबीएम पद्धतीच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. फ्लॉपीच्या ज्या भागातून संगणक सुरू होतो, त्या बूट सेक्टरमध्ये तो बसे. भावांनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता.

याच काळात फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने व्हायरसचा शास्त्रीय अभ्यास मांडला. प्रत्येक व्हायरस न चुकता ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे त्याने सिद्ध केले. अँटिव्हायरसचा धंदा भरात येण्यापूर्वीच त्याची मर्यादा अशी ठरून गेली होती. संपूर्ण संरक्षणाची कोणतीही हमी या सिद्धांतापुढे टिकत नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेत जॉन मॅकॅफीने आपली अँटिव्हायरस कंपनी काढली. त्याच सुमारास ब्रातिस्लाव्हात ‘नॉड’ हा अँटिव्हायरस तयार झाला आणि जर्मनीत जी डेटा कंपनीने अटारी संगणकासाठी अँटिव्हायरस आणला. या पहिल्या पिढीची रीत साधी होती. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला एक वैशिष्ट्यपूर्ण तुकडा ओळखखूण म्हणून यादीत ठेवायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये तो शोधायचा. त्यामुळे यादी जितकी ताजी तितकी राखण पक्की. ही यादी तेव्हा फ्लॉपीवरून, बरेचदा टपालाने येई. दर संसर्गाला आपले रूप बदलणारे व्हायरस १९९० पासून दिसू लागले, तेव्हा ओळखखूण अपुरी पडली. प्रोग्रॅमच्या वागण्यावरून संशय घेण्याच्या पद्धती मग विकसित झाल्या.

भारतही या साथीपासून दूर नव्हता. १९९० मध्ये इथे ‘जोशी’ नावाचा बूट सेक्टर व्हायरस आढळला. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्यावरच पुढे जाऊ देई. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलँजेलो’ हा व्हायरस डिस्क पुसणार, या बातमीने जगभर खळबळ उडाली. प्रत्यक्ष नुकसान अंदाजापेक्षा फारच कमी झाले. मात्र अँटिव्हायरस ही विकत घेण्याची वस्तू आहे, हे सामान्य ग्राहकाला तेव्हा कळले.

महाराष्ट्रातला या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय पुण्यात घडला. शालेय शिक्षणानंतर कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसची तक्रार वाढत गेली, तशी संजय यांनी ते काढून टाकणारी छोटी साधने लिहिली. त्यांतूनच डॉसवर चालणारा ‘क्विक हील’ उभा राहिला. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदली गेली, २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. भारतीय ग्राहकाच्या संगणकात प्रत्यक्ष सापडणाऱ्या व्हायरसवर इथेच इलाज शोधणारे हे उत्पादन दुरुस्तीच्या टेबलावर जन्मले, ही त्याची खरी ताकद होती.

त्या काळात घरोघरी सुट्या भागांतून जोडून घेतलेला पीसी असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भाग घेतले जात आणि अँटिव्हायरस कोणता टाकायचा, हे बहुधा पीसी जोडून देणाराच ठरवी. ग्राहकाच्या दृष्टीने किंमत, संगणक संथ होतो का आणि अडचण आल्यास कोण धावून येईल, हे तीन प्रश्न महत्त्वाचे होते. स्थानिक विक्रेत्यांच्या जाळ्यावर उभ्या असलेल्या कंपनीला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहज देता येई. नकली प्रत टाकून पैसे वाचवणाऱ्यांना मात्र नवी यादी नीट मिळत नसे आणि जुन्या यादीचा अँटिव्हायरस नव्या व्हायरसपुढे निरुपयोगी ठरे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि धोक्याची वाट रुंदावली. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘चेर्नोबिल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तैवानी व्हायरसने डिस्कवरील माहिती पुसली, काही संगणकांच्या मदरबोर्डवरील, संगणक सुरू करणारा बायोसही निकामी केला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ ईमेलच्या जोडपत्रातून जगभर पसरला. त्याच वर्षी भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय व्हायरस घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्या कलम ४३ ने टाकली.

ऑगस्ट २००३ मधील ‘ब्लास्टर’ला पसरण्यासाठी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधील त्रुटी बुजवलेली नसेल, तर नुसते इंटरनेटला जोडणे पुरे होते. म्हणून अँटिव्हायरसच्या जोडीला नको असलेल्या जोडण्या अडवणारी फायरवॉल, ईमेलची छाननी आणि मुलांसाठी नियंत्रणे देणारे एकत्रित ‘इंटरनेट सिक्युरिटी’ पॅकेज रुळले. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. भारतात पेन ड्राइव्हची अदलाबदल हा मोठा मार्ग ठरला. कॉलेजातून, सायबर कॅफेतून किंवा फोटो स्टुडिओतून घरी आलेला पेन ड्राइव्ह आधी स्कॅन करणे ही अत्यावश्यक सवय झाली.

निवडीला वस्तुनिष्ठ आधार मिळाला तो स्वतंत्र चाचण्यांमुळे. ब्रिटनमधील ‘व्हायरस बुलेटिन’ १९८९ पासून निघत होते. पुढे जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे निकाल खुले झाले. किती धोके पकडले, संगणक किती संथ झाला आणि निर्दोष फाइल किती वेळा चुकीने दोषी ठरवली, या तीन कसोट्या त्यांनी रुजवल्या. त्यांची गरजही होती. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत’ असा खोटा इशारा दाखवून पैसे उकळणारे बनावट अँटिव्हायरस याच काळात बोकाळले होते.

विनामूल्य पर्याय आल्यावर बाजार पुन्हा बदलला. चेक प्रजासत्ताकातील एव्हीजी आणि अव्हास्ट यांनी घरगुती वापरासाठी फुकट आवृत्त्या दिल्या. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ आणले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंगभूत झाला. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याआधी आता मुळात वेगळे घ्यावे का, हा प्रश्न येतो.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांतील फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. फटका बसला तो अपडेट न टाकलेल्यांना. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्याने नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज थांबवले. भारत सरकारने त्याच वर्षी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले आणि संगणक साफ करण्याची विनामूल्य साधने नागरिकांना उपलब्ध करून दिली.

या चार दशकांचा निर्वाळा स्पष्ट आहे. ज्या विंडोजला नियमित अपडेट मिळतात, तिच्यातील अंगभूत अँटिव्हायरस चालू असेल, तर सावधपणे वापरल्या जाणाऱ्या घरगुती संगणकाची मूलभूत राखण होते. मुलांवर देखरेख, एकाच परवान्यात अनेक उपकरणे किंवा अडचणीला माणसाची मदत हवी असेल, तर पैसे मोजून घेतलेले पॅकेज योग्य ठरते. ते स्वतंत्र चाचण्यांचे ताजे निकाल पाहूनच घ्यावे. एका संगणकावर एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नयेत आणि महत्त्वाच्या फाइलची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. ज्या विंडोजचे सुरक्षा अपडेट कायमचे थांबले आहेत, ती सुरक्षित ठेवण्याची ताकद कोणत्याही अँटिव्हायरसमध्ये नाही.