खांबापासून कॉलमपर्यंत : महाड-पोलादपूरच्या घरांचा भार

महाड तालुक्यातील रायगडावर आज प्रामुख्याने दगडी जोती उरली आहेत. त्यांवरील लाकूडकाम १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत नष्ट झाले. या अवशेषांवरून त्या काळच्या बांधणीचे एक मूलतत्त्व ध्यानात येते, ते असे की जमिनीलगतचे काम दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि दोहोंच्या सांध्यावर खांबाखाली तळखडा, म्हणजे घडीव दगडाची बैठक. महाड-पोलादपूरकडील जुन्या घरांनीही, आकार लहान करून, हाच क्रम पाळला.

अशा घरात कौलांचे वजन रिपांवरून वाशांवर, वाशांवरून आढ्यावर व तुळयांवर, तेथून खांबावर आणि शेवटी तळखड्यावाटे जोत्यात उतरे. भिंत मातीची असो वा विटांची, ती बहुतांशी आडोशापुरतीच असल्याने तिचा एखादा भाग पावसात ढासळला तरी छप्पर खांबांवर उभे राही. वास्तूच्या स्वतःच्या वजनाला अभियांत्रिकीत अचल भार म्हणतात, तर माणसे, सामान, धान्य अशा बदलत्या वजनाला चल भार. येथील घरात अचल भार हलका होता, कारण मंगळुरी कौलांच्या छपराचे वजन चौरस मीटरला साधारण साठ-सत्तर किलो भरते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उतरत्या पाख्यावर पाणी साठत नाही. मराठवाड्यातील माळवदाची, जाड मातीच्या थराची छते दगडी भिंतींसह १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसांवर कोसळली, ती या तुलनेत फारच जड होती.

खांबाचे बूड वाळवीने पोखरले तर ते डोळ्यांना दिसे आणि ठोकून पाहिल्यास कानालाही कळे. मग सुतार शेजारी टेकू देऊन तुळईचा भार त्यावर घेई, कुजलेला भाग कापून ऐन किंवा किंजळाचा तुकडा सांधी किंवा खांबच बदली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याच्या निमित्ताने वासे-रिपांची तपासणी आपसूक होई. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ती आगीला भीत असे आणि जंगलतोडीनंतर सागवान सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले नाही; पण भाराचा मार्ग घरातल्या प्रत्येकाला दिसत होता, ही तिची खरी जमेची बाजू होती.

प्रबलित काँक्रीटने, म्हणजे ‘आरसीसी’ने, हा मार्ग आत दडवला. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. भाराखाली वाकणाऱ्या बीमच्या मधल्या भागात खालची बाजू ताणली जाते, म्हणून तेथे पोलादी सळया घालतात. पाच इंची स्लॅबचे वजनच चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो होते, त्यावर फरशी, भिंती आणि राहत्या घरासाठी भारतीय मानकाने धरलेला दोनशे किलो चल भार. एका कॉलमच्या वाट्याला बारा चौरस मीटर आले, तरी मजल्यामागे दहा-बारा टन होतात आणि पाच मजल्यांखालील कॉलमवर पन्नास-साठ टन येतात. हे गणित कागदावर अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्यक्ष बांधकामात पाळणे : रिंगांमधील अंतर, मिश्रणातील पाणी, आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण. आवरण अपुरे पडले की दमट हवा सळईपर्यंत पोचते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटते, आणि हे सगळे गिलाव्याआड घडते. सावित्रीच्या खाडीची खारी वाळू न धुता वापरली, तर त्यातील मीठ हीच क्रिया वेगाने करते.

भार नेहमी वरून खालीच येतो असेही नाही. सह्याद्रीपलीकडील कोयनानगर ११ डिसेंबर १९६७ रोजी हादरले, तेव्हाच्यासारखा धक्का इमारतीला आडवा ढकलतो. आणि तळमजला वाहनांसाठी भिंतींविना मोकळा सोडला असेल, तर तो धक्का त्याच मजल्यावरील कॉलमना सर्वाधिक सोसावा लागतो. डोंगरउतारावरील वस्त्यांचा प्रश्न तर घराच्या हिशेबाबाहेरचा आहे : २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या, आणि तेथे कोणताही खांब वा कॉलम पुरेसा ठरला नसता.

महाड शहरातील काजळपुरा भागात मात्र डोंगराने नव्हे, इमारतीनेच घात केला. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. या यादीतील प्रत्येकाचे काम वेगळे होते. पूर्वी तुळईचे माप घेणारा, ती चढवणारा आणि पुढे तिचा टेकू बदलणारा सुतार बहुधा एकच असे. मुंबईत इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक होते ती तिच्या वयाला ३० वर्षे झाल्यावर. काजळपुऱ्यातील इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती.