मिरचीचे बळ

गेल्या दिवाळीत माझा भाचा आला तो हातात एक डबी घेऊनच. बावीस वर्षांचा मुलगा, रोज संध्याकाळी व्यायामशाळेत वजने उचलतो. डबीत लाल कॅप्सूल. म्हणाला, ‘‘मामा, मिरचीचा अर्क आहे. व्यायामाआधी एक घेतली की जास्त वजन उचलता येतं म्हणतात. घेऊ का?’’

मी हसण्यावारी नेणार होतो. माझी तरुणपणीची काही वर्षे कोल्हापूरच्या तालमीत गेली. आमची थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप आणि चार काळी मिरी. पण पुढे आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवले. अशा माणसाने भाच्याला थट्टेवर टोलवू नये. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि मिरचीचा इतिहास उलगडायला बसलो.

मिरची मूळची आपली नाही, अमेरिकेची. मिऱ्यांच्या व्यापारासाठी पूर्वेकडची वाट शोधत १४९२ साली कोलंबस निघाला आणि त्याला तिकडे भलतेच तिखट फळ मिळाले. त्याने त्यालाही मिरीच म्हटले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले आणि आपणही मिरीवरूनच त्याला मिरची म्हणू लागलो. नात्याने मात्र या दोघींचा काही संबंध नाही.

मिरचीतला तिखट अंश १८१६ साली जर्मनीत बुखोल्झ यांनी प्रथम वेगळा काढला, पण तो शुद्ध नव्हता. इंग्लंडमधील थ्रेश यांनी १८७६ साली त्याचे स्फटिक मिळवून ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. पुढे हंगेरीत यांचो यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा लावले की आधी आग होते आणि मग ती जागा वेदनेलाच दाद देईनाशी होते. १९८७ साली जपानी संशोधकांनी दाखवले की कॅप्सेसिनमुळे उंदरांच्या रक्तात अॅड्रेनॅलिन वाढते. ताकदीच्या कॅप्सूलची बीजे इथे आहेत.

या सगळ्याचा उलगडा १९९७ साली झाला. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूंवरील तो ग्राहक शोधला, ज्याला कॅप्सेसिन चिकटते. हाच ग्राहक सुमारे ४३ अंशांवरची उष्णताही ओळखतो. म्हणजे तिखट ही चव नव्हेच, ती भाजल्याची खबर आहे! या कामाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

खेळाच्या मैदानात मिरची गाजली ती घोड्यांमुळे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उड्यांच्या शर्यतीतील चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडले. ते वेदना दडपते, आणि पाय चुरचुरले की घोडा अडथळ्याला पाय लागू देत नाही, म्हणून त्यावर बंदी होती. नॉर्वेच्या संघाला त्यापायी कांस्यपदक गमवावे लागले.

आता माणसांचे पाहू. २०१८ साली ब्राझीलच्या संशोधकांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायामाची सवय असलेल्या दहा तरुणांना एकदा १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन आणि एकदा नुसता स्टार्च दिला. कोणत्या दिवशी काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. पाऊण तासाने खांद्यावर वजन घेऊन थकेपर्यंत बैठका, अशा चार फेऱ्या. स्टार्चच्या दिवशी एकूण सुमारे ३,२०० किलो वजन उचलले गेले, कॅप्सेसिनच्या दिवशी सुमारे ३,९००. फरक लहान नाही. पण रक्तातील लॅक्टेट दोन्ही दिवशी जवळपास सारखेच होते. कष्ट मात्र कमी जाणवले. मला याचा अर्थ असा लागतो की मिरचीने स्नायूंना नवे बळ दिले नाही, ‘आता पुरे’ ही आतली हाक उशिरा ऐकू आली. शिवाय ही एका दिवसाची गोष्ट. महिनोन्‌महिने घेऊन मांड्या किती भरतात, हे ती चाचणी सांगत नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१२ सालच्या एका अमेरिकी चाचणीत आठवडाभर मिरचीच्या कॅप्सूल घेऊनही तरुणांचा धावण्याचा वेग वाढला नाही, पोटाची तक्रार तेवढी वाढली. त्याच वर्षी तुर्कस्तानातील डॉक्टरांनी पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. वजन उतरवण्यासाठी तो मिरचीच्या गोळ्या घेत होता आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे मीच वर्गात सांगत असे. पण ते वाचून मी थबकलो. भाच्याच्या वडिलांना पन्नाशीच्या आत झटका येऊन गेला आहे.

आठ दिवसांनी भाचा आला. त्याला म्हणालो, ‘‘अरे, तुझे मित्र थापा मारत नाहीत. चार बैठका जास्त निघतीलही. पण दम लागणं, छातीत दुखणं ही शरीराची हाक असते. आपल्या घरात ती उशिरा ऐकू येऊन चालणार नाही. आधी डॉक्टरांना छाती दाखव, मग ठरव.’’

तो थोडा हिरमुसला. पण डबी माझ्यापाशी ठेवली, आणि डॉक्टरांची वेळ त्याची त्यानेच घेतली.