तांब्यांची कविता कोणाची?

यंदा पावसाळ्याच्या आधी लष्करातल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयाचे जुने लाकडी कपाट आवरायला काढले. खालच्या कप्प्यातली बरीच पुस्तके वाळवीने खाल्ली होती. जी वाचली त्यांत राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांची समग्र कविता निघाली, माधव जूलियन यांनी संपादित केलेली, १९३५ सालची. शिवण सुटलेली, आणि पान उलटले की कोपरा हातात येई. आमच्या एका तरुण सभासदाने मोबाइलवर एकेक पान टिपले, सगळ्याची मिळून पीडीएफ केली आणि विचारले, "काका, ग्रुपवर टाकू?"

"असं टाकता येतं का? कॉपीराइटचा कायदा असतो ना?" कोणीतरी शंका काढली.

तेव्हा आम्हांला गेली दिवाळी आठवली. बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता असे दोन दिवाळी अंक आमच्या ग्रुपवर अख्खे आले होते. त्या वेळी कोणी शंका काढली नाही. आम्हीही ते आनंदाने उघडले आणि वाचले. म्हणजे नव्वद वर्षांच्या पुस्तकाला कायदा आठवला आणि आठ दिवसांच्या अंकाला नाही! हे असे उलटे का झाले, ते पाहताना जो इतिहास हाती लागला, तो यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे पुस्तक हाताने उतरवून घेणे हे पुण्यकर्म मानले जाई. पोथ्या अशाच टिकल्या. एक प्रत करायला महिने लागत, तेव्हा नक्कल करणाऱ्याची भीती कोणाला वाटणार? भीती आली ती छापखान्याबरोबर. एकाने खर्च करून पुस्तक छापावे आणि शेजारच्याने तेच स्वस्तात छापून विकावे, असे होऊ लागले. इंग्लंडमध्ये राणी अ‍ॅनच्या काळात, १७१० साली, यावर कायदा झाला. नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला १४ वर्षे, आणि तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. पुढे ते पुस्तक सर्वांचे. या कायद्यातली आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ही मुदत. लेखकाला पोटापुरता काळ आणि त्यानंतर समाजाला पुस्तक, असा तो करार होता.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली असा कायदा आणला. पुढे १९१४चा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९५७चा. तोच दुरुस्त्यांसह आज चालू आहे. त्यात मुदत होती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे. इथे आपल्या तांब्यांची गोष्ट सुरू होते.

तांबे १९४१च्या डिसेंबरात इथेच, ग्वाल्हेरला वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ टागोर गेले होते. दोघांच्याही लेखनाची मुदत १९९१ सालाच्या अखेरीस संपायची होती. टागोरांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते; ते राहावेत म्हणून खटपट झाली आणि मुदत संपायला अवघे काही दिवस उरले असताना केंद्र सरकारने वटहुकूम काढला. १९९२ साली त्याचा कायदा झाला आणि ५०ची ६० वर्षे झाली. निमित्त टागोरांचे, पण कायदा सर्वांना सारखा. त्यामुळे तांब्यांच्या कवितेलाही आणखी दहा वर्षे कुंपण पडले. ती सर्वांची झाली १ जानेवारी २००२ रोजी. माधव जूलियन १९३९ सालीच गेले, तेव्हा त्यांच्या संपादकीय मजकुराचीही मुदत केव्हाच सरली.

ज्या दहा वर्षांत तांब्यांचे कुंपण वाढले, त्याच दहा वर्षांत जगात कुंपणेच मोडू लागली. कॅसेटच्या काळात नक्कल होई, पण खरखर वाढे आणि प्रत्येक नकलेला नवी कॅसेट लागे. तरीही ते इतके वाढले की १९८४ साली आपल्या सरकारला शिक्षा कडक कराव्या लागल्या. मग एमपी३ आले. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने नॅपस्टर नावाची सोय काढली. गाणी ज्याच्या त्याच्या संगणकातच राहत. कोणाकडे काय आहे, याची यादी तेवढी नॅपस्टरकडे. पाहता पाहता कोट्यवधी लोक फुकट गाणी घेऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्या कोर्टात गेल्या. २००१ साली निकाल नॅपस्टरविरुद्ध लागला आणि त्या जुलैत ते बंद पडले. पण मधली यादीच नको अशी नवी साधने तोवर निघाली होती. एक दार लावले तर दहा खिडक्या उघडल्या. लोक थोडे तरी माघारी वळले ते २००३ नंतर, जेव्हा एकेक गाणे एका डॉलरहून कमी किमतीत सहज विकत मिळू लागले.

मग कायदा निरुपयोगी म्हणायचा का? तसे म्हणण्याआधी शेजारच्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंची आठवण करावी. तांब्यांच्या कविता त्यांनी घरोघरी पोचवल्या. १९६०च्या सुमारास त्यांनी गायकालाही रॉयल्टीचा वाटा हवा, असा आग्रह धरला. एकदा मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, असे रफीसाहेबांचे मत. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद यायला २०१२ साल उजाडले. म्हणून तांब्यांची कविता आज मोकळी असली, तरी तिचे गाणे मोकळे असेलच असे नाही. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रिकेचा ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असतो.

कायद्याने आपल्यासारख्यांसाठी काही दारे उघडी ठेवली आहेत, तीही माहीत असावीत. स्वतःच्या अभ्यासापुरती नक्कल चालते. नफा न घेणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला, आपल्याकडे असलेले पुस्तक जपण्यासाठी संगणकात साठवता येते. दृष्टिहीन वाचकासाठी ते त्याला वाचता येईल अशा रूपात करता येते. हौशी मंडळाला तिकीट न लावता नाटक करता येते. आपल्या उत्सवातल्या नाटकांना त्याचा आधार आहे. पण त्याच नाटकाचे चित्रीकरण यूट्यूबवर चढवणे, किंवा दोनशे जणांच्या ग्रुपवर नवे पुस्तक टाकणे, या दारांतून जात नाही.

इथे आपली अडचणही खरी आहे. पुण्यात चार पावलांवर पुस्तकाचे दुकान असते, ग्वाल्हेरात तसे नाही. मराठी पुस्तक मागवायचे तर टपालखर्च वेगळा. मुलांना देवनागरी येते, पण मराठी वाचायची सवय सुटत चालली आहे. त्यांच्या हातात एखादी फाइल तरी पडू दे, असे आजोबांना वाटते. त्यात वाईट हेतू मुळीच नसतो. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान. तिच्यातल्या पन्नास प्रती खपल्या नाहीत, तरी प्रकाशकाला ते जाणवते. पुढचे पुस्तक निघालेच नाही, तर ग्वाल्हेरच्या नातवाला पाठवायला फाइल तरी कुठून येणार?

म्हणून आम्हांला कराराच्या दोन्ही बाजू सारख्याच मोलाच्या वाटतात. मुदत वाढवत नेली की वाचकाचा वाटा जातो, आणि मुदतीआधी फाइल फिरवली की लेखकाचा. व्यासांनी सांगितले आणि गणरायाने लिहून घेतले, तेव्हाही दोघांनी एकमेकांना अट घातली होती आणि दोघांनी ती पाळली. महाभारत पुरे झाले ते त्यामुळे.

वाचनालय समितीने आता असे ठरवले आहे: तांब्यांचे पुस्तक ग्रुपवर टाकले आहे, ज्याला हवे त्याने घ्यावे आणि पुढे द्यावे. कपाटातली मुदत संपलेली बाकीची पुस्तके वाळवीच्या आधी टिपायची आहेत; त्यासाठी रविवारी सकाळी दोन तास देणारे हात हवे आहेत. आणि दिवाळी अंक यंदा एकत्र मागणी नोंदवून मागवायचे, म्हणजे टपालखर्च वाटला जाईल. नोंदणीची वही आरतीनंतर मंडपात ठेवलेली असते. गेल्या वर्षी फुकट वाचलेल्या दोन अंकांपुढे पहिली नावे आम्ही आमचीच लिहिली आहेत.