‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’

परवा सानपाड्यातल्या एका कार्यालयात रांगेत उभा होतो. खिडकीवरून ठरलेलं उत्तर आलं, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. पण शेजारच्या टेबलावरचा नवा कॉम्प्युटर त्याच सर्व्हरवर मजेत चालला होता! दुरुस्तीवाला पोरगा आला तेव्हा कळलं, जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ २००९ सालात अडकलंय. आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली, तारीख-वेळ लावली आणि लॉगिन झालं.

हे असं का होतं, त्याला इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच्या पोटातच असायचा. मोठ्या कार्यालयांत मग ‘डोमेन’ आलं, म्हणजे सगळ्यांची ओळख ठेवणारं एकच मध्यवर्ती मस्टर. २००० साली विंडोज २००० सोबत अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि ओळख पटवायचं काम कर्बेरॉस पद्धतीकडे गेलं. यात वेळेला फार महत्त्व. कॉम्प्युटर आणि सर्व्हरच्या घड्याळात साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख नाकारली जाते. चोरलेली जुनी परवानगी कुणी पुन्हा वापरू नये म्हणून हा नियम.

आता हे मस्टरच गेलं तर? ते आपल्या नवी मुंबईच्या दाराशी घडलंय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा शेव्यातलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले. मर्स्कचे डोमेन सांभाळणारे जगभरातले सर्व्हर पुसले गेले होते. वाचला फक्त एक, घानामधला. का? तर तिथे नेमकी वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं केलं. कंपनीने नंतर सांगितलं, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले.

त्याआधी मे महिन्यात वॉनाक्राय येऊन गेला होता. त्यानंतर जुनी, असुरक्षित एसएमबी-१ पद्धत ठिकठिकाणी बंद झाली. एक्सपीवाल्या मशीनला ती एकच पद्धत येते, त्यामुळे ती दाराबाहेर राहिली. एक्सपीचा आधार तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. मग काही ठिकाणी काम अडतं म्हणून जुना दरवाजा पुन्हा उघडून ठेवतात. एका मशीनच्या सोयीसाठी सगळं कार्यालय उघडं!

आपले सातबारे, दाखले, कराच्या पावत्या याच यंत्रणांत आहेत. म्हणून यापुढे ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की परत फिरू नका, तीन प्रश्न विचारा. सर्व्हर बंद आहे की हे मशीन? हे मशीन बदलायची तरतूद कधी होणार? आणि नेटवर्कपासून वेगळी ठेवलेली बॅकअप प्रत आहे का? घानात वीज गेली म्हणून निभावलं. आपण काय लोडशेडिंगच्या भरवशावर राहायचं?