दावे आणि फास

वारकरी मायबापहो, कीर्तनात आम्ही मंडळी एक वाक्य फार सहज बोलून जातो : संसार हा गळ्यातला फास आहे. टाळकरी माना डोलावतात, मृदंगावर थाप पडते आणि पुढचे प्रमाण सुरू होते. आता कोणी म्हणेल, महाराज, दोराचे वेटोळे ते वेटोळेच. त्याला पाश म्हणा, फास म्हणा की दावे म्हणा, काय बिघडले? शब्दांची कुळे पाहिली म्हणजे काय बिघडते ते कळते.

पाश हा शब्द फार जुना, थेट वेदातला. पश् म्हणजे बांधणे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळात शुनःशेप वरुणाची विनवणी करतो की माझा वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही पाश सैल कर. सावित्रीच्या आख्यानात यमाच्या हाती पाश आहे. गणरायाच्याही हाती आहे. पाशाची खूण हीच की तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो आणि ज्याला बांधले त्याने त्या हाताकडे पाहायचे असते. शैवमतात तर पाशाने बांधलेला जीव तो पशू, आणि सोडवणारा तो पशुपती. आपल्या पैठणच्या नागघाटावर ज्ञानोबारायांनी ज्याच्या मस्तकी हात ठेवला तोही असा एक बांधलेला पशूच, पखालीचा रेडा. त्याच्या मुखातून वेद निघाले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

फास हा पाशाच्याच गोतातला, पण बोलीत येता येता त्याचा अर्थ अरुंद झाला. शिकाऱ्याचा तो फास; फासेपारधी हे नाव त्यावरूनच पडले. त्याची गाठ सरकती. जनावर जितके ओढील तितका तो आवळतो.

दाव्याचे कूळ निराळे. संस्कृतात ‘दामन्’ म्हणजे दोर. मराठीत येताना मधल्या ‘म’चा ‘व’ झाला, जसे ग्रामाचे गाव झाले. आणि वारकऱ्याला सांगायला गोड वाटते ते हे की नामाचे नावही याच वाटेने झाले. दामाचे दावे, नामाचे नाव. वासरे ओळीने बांधायच्या लांब दोराला ‘दामनी’ म्हणत, तीच आपली दावण. (पैशाचा जो दाम, त्याचा या दोराशी काही संबंध नाही. तो ग्रीकांच्या द्रख्म नाण्यावरून द्रम्म होऊन आला. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, म्हणून सांगितले.)

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दावे काय ते मी काय सांगावे! पोळ्याला अंबाडीचे नवे दावे, नवी वेसण, नवा कासरा, म्होरकी. आता नायलॉनचे आले, ते कुजत नाही पण मानेला काचते. दाव्याच्या वेटोळ्याला निरगाठ असते. बैलाने कितीही हिसका दिला तरी ती सरकत नाही, म्हणून गळा आवळत नाही. पक्की गाठ इथे जीव राखते, आणि सैल दिसणारी सरकती गाठ जीव घेते. संध्याकाळी धनी दाव्याला बांधतो तो वैरण घालायला, आणि सकाळी सोडणाराही तोच.

हेच दाम देवाच्या नावात बसले आहे. केशवादी चोवीस नावांत बारावे नाव दामोदर, ज्याच्या उदराला दाम बांधले तो. आचार्यांनी सहस्रनामाच्या भाष्यात दमाशी, म्हणजे इंद्रियसंयमाशी, जोडूनही एक अर्थ दिला आहे. पण यशोदेच्या दोराचा अर्थही तिथेच आहे आणि माझे मन त्यावरच बसते. भागवताच्या दशम स्कंधात नवव्या अध्यायात ही कथा येते. यशोदा लेकराला उखळाला बांधू पाहते आणि दोर दोन बोटे कमी पडतो. दुसरा जोडला, तरी दोन बोटे कमी. घरातले सगळे दोर संपले. गोपी हसत उभ्या आहेत. आई घामाघूम झाली, वेणीतली फुले गळाली, तेव्हा देव स्वतःच्या कृपेने बांधला गेला. पुढच्या अध्यायात तोच बांधलेला देव उखळ ओढत जाऊन यमलार्जुनांना शापातून सोडवतो. बांधला गेला म्हणूनच तो त्या झाडांच्या मधे अडकला, नाही तर त्यांना सोडवले कोणी असते?

संतांनी मोहपाश, मायापाश हे शब्द वापरले आहेत, ते वापरावेच. पण घर, बायको, लेकरे, चार एकर कोरडवाहू, हे सगळे एका शब्दात फास ठरवायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? आपल्या मराठवाड्यात हा शब्द आता दृष्टांतापुरता राहिलेला नाही. पाऊस हुकला, सावकाराचा आकडा फुगला, की तो वर्तमानपत्राच्या पानावर येतो आणि त्याच्याखाली आपल्याच पंचक्रोशीतल्या गावाचे नाव असते. अशा घरी दहाव्याच्या प्रवचनाला कीर्तनकार जातो. समोर विधवा लेक पदर तोंडाला लावून बसलेली, आणि व्यासपीठावरून ऐकू येते की संसार हा फासच, सुटला तो जीव. मी हे ऐकले आहे, आणि त्या माउलीने मान खाली घातलेलीही पाहिली आहे. तरुण महाराजांना हात जोडून सांगतो, त्या घरी ते वाक्य बोलू नका. श्रोत्यांत त्याच वाटेचा विचार करणारा दुसरा कोणी बसलेला असतो.

मी तिथे उखळाची कथा लावत असे. कमी पडलेल्या दोन बोटांचा अर्थ कथेकरी असा लावतात की एक बोट जिवाच्या प्रयत्नाचे, एक देवाच्या कृपेचे. तो अर्थ मला मान्य आहे. मी त्यात एक भर घालतो, टीकेत ती नाही. यशोदेने फक्त आपल्या घरातले दोर जोडले, असे भागवत सांगते. भोवती गवळणी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गोठ्यात दावी होती, एकीनेही आपले सोडून आणले नाही. एवढे सांगून मी थोडा वेळ टाळ थांबवत असे, आणि समोर बसलेल्या भावकीकडे, सोसायटीच्या चेअरमनकडे, शेजाऱ्यांकडे पाहत असे. एकदा एक म्हातारा उठून बोलला होता, महाराज, पेरणीला माझी बैलजोडी हिच्या रानात येईल.