भूमिती शिकवणारं कासव

समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मूल पडद्यावरच्या कासवाला बहुतेक वेळा ६० अंशांत वळवतं. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे त्याला पाठ असतं. पुढे १००, उजवीकडे ६०, असं तीनदा. त्रिकोण होतच नाही; षटकोनाच्या तीन बाजू काढून कासव थांबतं, आकृती उघडीच राहते. आता मुलाला जागेवरून उठवावं आणि जमिनीवर तोच त्रिकोण चालायला सांगावं. पहिल्याच टोकाला त्याला कळतं, की चालणाऱ्याला आतला कोन वळून भागत नाही, बाहेरचा वळावा लागतो. १८० वजा ६०, म्हणजे १२०. बाह्यकोन इतक्या थेटपणे पोचवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

हे कासव लोगो नावाच्या संगणकभाषेतलं. त्याचा पूर्वज मात्र इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा. तिथल्या मेंदूसंशोधन संस्थेत ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९च्या सुमारास तीन चाकांची दोन यंत्रं बनवली, एल्मर आणि एल्सी. दोन इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि वर कवच, एवढ्यावर ती खोलीभर फिरत, अडथळा आला की बाजू बदलत, बॅटरी उतरली की दिव्याच्या रोखाने आपल्या घरट्यात परतत. मेंदूच्या पेशी मोजक्या असल्या तरी वागणं किती गुंतागुंतीचं होऊ शकतं, हे वॉल्टर यांना पाहायचं होतं. गणिताशी त्यांच्या कासवांना काही कर्तव्य नव्हतं.

ते नातं जोडलं सेमूर पॅपर्ट यांनी. जन्म १९२८चा, प्रिटोरियातला. गणितात डॉक्टरेट केल्यावर १९५८ ते १९६३ ते जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर होते आणि मूल ज्ञान स्वतः रचत जातं हा विचार घेऊन एमआयटीत आले. तेव्हा शिक्षणात संगणक म्हणजे प्रश्न विचारणारं आणि उत्तर तपासणारं यंत्र. पॅपर्टना हे उलटं करायचं होतं: आज्ञा मुलाने द्यायच्या, संगणकाने पाळायच्या. वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो यांच्यासोबत १९६७ साली त्यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका संशोधन कंपनीत लोगो घडवलं. गंमत म्हणजे या पहिल्या लोगोत कासव नव्हतंच. मुलं टेलिटाइपवर शब्द आणि वाक्यांशी खेळत. कासव आलं त्यानंतर दोनेक वर्षांनी. एक पडद्यावरचं होतं. दुसरं जमिनीवरचं, चाकांचं आणि पोटाखाली पेन असलेलं, कागदावरून चालत रेघ ओढणारं. नाव वॉल्टर यांच्या यंत्रांवरूनच घेतलं.

खरी कमाल त्याच्या गणितात आहे. आलेखकागदावरच्या बिंदूला क्ष आणि य लागतात, म्हणजे आधी अक्ष हवेत, आरंभबिंदू हवा. कासवाला यातलं काही लागत नाही. आपलं तोंड कुठे आहे आणि किती चालायचं, एवढंच त्याला ठाऊक. कंपासने वर्तुळ काढताना टोक केंद्रावर रोवावं लागतं. कासव एक पाऊल पुढे जातं, एक अंश वळतं आणि हे ३६० वेळा करतं. केंद्र आणि त्रिज्या त्याच्या गावीही नसतात. ही खरं तर ३६० बाजूंची आकृती, पण डोळ्याला वर्तुळच दिसतं. क्षणोक्षणी किती वळलं यावरून वक्र ओळखायचा, हा विचार कॉलेजात पदवीच्या वर्षांत भेटतो. इथे तो दहा वर्षांच्या मुलाच्या हाती लागतो. बंद वाटेवरून निघाल्या जागी, निघाल्या दिशेला तोंड करून परतलं, तर एकूण वळण नेहमी ३६०च्या पटीत भरतं. पाच टोकांची चांदणी काढायला दर टोकाला १४४ अंश वळावं लागतं. पाच गुणिले १४४, म्हणजे ७२०: कासव स्वतःभोवती दोन पूर्ण फेऱ्या घेतं.

घरगुती संगणक आले तसं लोगो पसरलं. कॅल्क्युलेटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही १९८१मध्ये आपल्या संगणकासाठी ते काढलं. त्याआधी १९८०मध्ये पॅपर्ट यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं होतं.

आपल्याकडेही अनेक शाळांच्या प्राथमिक वर्गांत लोगो पोचलं, पण कॉम्प्युटरच्या तासाला. पुढे नेणारी एफडी, उजवीकडे वळवणारी आरटी, या आज्ञांची पूर्ण रूपं मुलांनी वहीत लिहिली. शेजारच्याच तासाला गणिताच्या बाई फळ्यावर बाह्यकोनाचं प्रमेय सिद्ध करत असणार, आणि त्या दोन तासांची कधी गाठ पडली नाही. याची मला मनापासून खंत वाटते. भूमितीसाठी जन्मलेल्या साधनाला आपण आज्ञांच्या यादीत बसवलं.

अजूनही ते हाताशी आहे. पायथॉन भाषेत टर्टल नावाचा भाग सोबतच मिळतो. पॅपर्ट यांच्याच परंपरेतल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७मध्ये खुलं केलेलं, आज्ञांचे ठोकळे जोडून चालणारं स्क्रॅच तर फुकट आहे. त्यात ठोकळा ओढला की आकडे आधीच भरलेले असतात: १० पावलं चाला, १५ अंश वळा. पेन खाली टेकवून हे दोन ठोकळे किती वेळा फिरवले तर रेघ सुरुवातीला येऊन मिळेल, हे सहावीच्या वर्गाला आधी कागदावर काढायला सांगावं. ३६० भागिले १५, चोवीस. आणि आकडा १४ केला तर? चौदाने ३६०ला पूर्ण भाग जात नाही, मग आकृती कधीच बंद होणार नाही का? या प्रश्नावर वर्गाचा अख्खा तास द्यावा.